निगेटिव्ह की स्लाइड? आधी परीक्षा तरी नीट घ्या

गेल्या भाद्रपदात दोन पोरं माझ्याकडे आली. एकाच्या गळ्यात आजोबांचा कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात फोन. फोनवर कास पठाराचे दोन फोटो शेजारीशेजारी लावलेले. "काका, हा निगेटिव्हवरचा, हा स्लाइडवरचा. स्लाइड किती भारी आहे बघा."

बघितलं. एक फोटो गावातल्या लॅबच्या मशीनवर स्कॅन झालेला, दुसरा कुणा मित्राने चांगल्या स्कॅनरवर निवांत बसून केलेला. एक फिल्म ४०० स्पीडची, दुसरी ५० ची (स्पीड म्हणजे फिल्म उजेड किती चटकन पकडते ते). एक फोटो भर दुपारचा, दुसरा सकाळी आठचा, ढगातून गाळून आलेल्या उजेडातला. मी म्हटलं, "बाळांनो, यात सगळ्याची तुलना झाली, फिल्मची तेवढी राहिली."

तेव्हा त्यांना जे तोंडी सांगितलं ते इथे सविस्तर लिहितोय. नवख्यांसाठी आधी एवढंच: निगेटिव्ह फिल्मवर रंग उलटे येतात आणि तिच्यावरून फोटो छापतात, स्लाइड फिल्मवर थेट सरळ चित्र येतं. साताऱ्यात राजवाड्याजवळ आमचा स्टुडिओ होता. वडिलांचा, म्हणजे अण्णांचा. १९९३ पासून मी मिनीलॅबच्या मशीनवर बसलो आणि २००८ ला ते मशीन भंगारात गेलं तोवर लोकांच्या निगेटिव्ह धूत, छापत राहिलो. स्लाइड मात्र स्वतःच्या हौसेची. दोन्हीकडून चटके खाल्लेत, म्हणून दोन्हींबद्दल बोलतो.

आधी दोन्ही फिल्मच्या पोटात काय घडतं ते थोडं समजून घ्या, नाहीतर पुढची कृती म्हणजे नुसते आकडे वाटतील.

निगेटिव्हमध्ये ज्या कणांवर उजेड पडला त्यांची डेव्हलपरमध्ये चांदी होते आणि त्या चांदीभोवती रंगाचा छोटा ढग तयार होतो. पुढे ब्लीच आणि फिक्सरमध्ये चांदी निघून जाते, ढग उरतात. आपण रंगीत फोटोत ज्याला ग्रेन म्हणतो ते हे ढग. आता गंमत अशी की मोठे कण उजेड चटकन पकडतात, बारीक कणांना जास्त उजेड लागतो. निगेटिव्हला उजेड कमी पडला तर चित्र फक्त मोठ्या कणांवर उभं राहतं आणि सावल्या भरड दिसतात. उजेड सढळ मिळाला तर बारीक कणही कामाला लागतात, ढग एकमेकांवर चढतात आणि पोत मऊ होतो. अण्णांना हे रसायन माहीत नव्हतं, पण ते म्हणायचे, "निगेटिव्हला पोटभर उजेड दे. उपाशी ठेवलीस तर रडते." रडते म्हणजे काळ्या जागी राखाडी चिखल होतो.

स्लाइडचं उलटं. तिचा पहिला डेव्हलपर रंग करतच नाही. तो उजेड पडलेल्या कणांची साधी काळी-पांढरी निगेटिव्ह बनवतो. मग रिव्हर्सल बाथमध्ये उरलेले कण उजेड पडल्यासारखे तयार केले जातात आणि दुसरा डेव्हलपर त्यांच्याभोवती रंग भरतो. म्हणजे पुढे बसलेले मोठे कण पहिल्या पंगतीतच जेवून उठले. तुमच्या डोळ्यांना दिसणारं चित्र मागे राहिलेल्या बारीक कणांचं. एकाच स्पीडच्या निगेटिव्हपेक्षा स्लाइड नितळ दिसते त्याचं मोठं कारण हे. पण पहिल्या डेव्हलपरमध्ये जे गेलं ते गेलं. जिथे उजेड जास्त पडला तिथे रंग भरायला कणच उरत नाहीत, नुसती पारदर्शक फिल्म राहते.

हे मी थोसेघरला शिकलो. १९९३ चा पावसाळा, पहिला स्लाइडचा रोल. निगेटिव्हच्या सवयीने १०० स्पीडच्या फिल्मला कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर ६४ वर लावला, थोडा जास्तच उजेड जाऊ दे म्हणून. रोल मुंबईला धुवायला पाठवला, पंधरा दिवसांनी टपालाने परत आला. झाडी सुरेख, कातळ सुरेख, आणि धबधब्याच्या जागी भोक पडल्यासारखी कोरी फिल्म. छत्तीसच्या छत्तीस.

रोल कुठले घ्यायचे

जोडी लावताना स्पीड सारखा घ्या. ४०० ची निगेटिव्ह आणि ५० ची वेल्व्हिया ही स्लाइड यांची कुस्ती लावून ग्रेनवर बोलणं म्हणजे शेळी आणि म्हैस यांचं दूध मोजणं. माझी जोडी कोडॅकची निगेटिव्ह एक्टार १०० आणि फुजीची स्लाइड प्रोव्हिया १००एफ. एक्टार २००८ साली आली, निगेटिव्हमधली अतिशय बारीक पोताची. प्रोव्हिया स्लाइडमधली त्यातल्या त्यात सरळ स्वभावाची. २०१८ मध्ये परत आलेली एक्टाक्रोम ई१०० सुद्धा चालेल. वेल्व्हिया ५० या परीक्षेला नको. १९९० साली आल्यापासून निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांना तिनं वेड लावलं हे खरं, पण ती रंग वाढवूनच सांगते. तिच्यावरून सगळ्या स्लाइड फिल्मबद्दल मत बनवू नका.

माणसांचे फोटो तुमच्या कामात जास्त असतील तर पोर्ट्रा १६० या निगेटिव्हचा एक रोल वेगळा ठेवा. का ते पुढे येईल.

कागदावरच्या आकड्यांचा एक सापळा सांगून ठेवतो. प्रोव्हियाच्या माहितीपत्रकात ग्रेनचा आरएमएस आकडा (पोत किती भरड त्याचं माप) ८ आहे, वेल्व्हिया ५० चा ९. कोडॅक आपल्या निगेटिव्हला प्रिंट ग्रेन इंडेक्स नावाचं वेगळंच माप लावते. हे दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करायची नाही. एक किलो आहे, दुसरा फूट. तसंच रेझोल्यूशनचं. प्रोव्हियाला १४० रेषा प्रति मिलिमीटर लिहिलेल्या असतात, पण त्या १००० ला १ अशा कडक काळ्या-पांढऱ्या तक्त्यावरच्या. १.६ ला १ अशा सौम्य तक्त्यावर तीच फिल्म ६० वर येते. कासच्या फुलांच्या पाकळ्या दुसऱ्या तक्त्यासारख्या असतात, पहिल्यासारख्या नाही.

आजोबांच्या कपाटात कोडाक्रोम या जुन्या स्लाइड फिल्मचा न धुतलेला रोल सापडला तर तो या परीक्षेत घालू नका. त्याची रसायनं वेगळी होती. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी तो धुणारी शेवटची लॅब होती, तिनं २०१० च्या अखेरीस ते काम थांबवलं. आज त्यातून रंग निघत नाहीत.

कॅमेरा

दोन सारख्या बॉडी असतील तर उत्तम. माझ्याकडे एकच निकॉन एफएम-टू आहे आणि तीही पुरते. भिंगही एकच, ५० मिमी, एफ/८ च्या आसपास. एका बॉडीवर दोन रोल वापरायचे तर पहिला रोल अर्ध्यात गुंडाळताना कान लावून बसा. फिल्मचं टोक स्पूलवरून सुटल्याचा हलका आवाज येतो, हाताला सैल लागतं. तिथेच थांबा म्हणजे जीभ बाहेर राहील. डबीवर फ्रेम नंबर लिहा. परत भरताना भिंगावर झाकण लावून, बारीक अ‍ॅपर्चरवर, त्या नंबरच्या पुढे दोन फ्रेम जाईपर्यंत रिकामे क्लिक मारा.

हे सगळं नको असेल तर जागा तीच, वेळ तीच ठेवून पहिल्या दिवशी एक रोल आणि दुसऱ्या दिवशी दुसरा असं करण्याचा मोह होईल. करू नका. सह्याद्रीत दोन दिवसांचं आभाळ सारखं नसतं, दोन मिनिटांचंही नसतं.

ट्रायपॉड घ्याच. बारीक फिल्मची परीक्षा हातात कॅमेरा धरून घेतली तर निकाल तुमच्या हाताचा लागतो. एफएम-टूमध्ये सेल्फ-टायमर लावला की आरसा आधीच वर जातो आणि मग काही सेकंदांनी शटर उघडतं. आरशाचा धक्का वाचतो. तुमच्या कॅमेऱ्यात तसं होतं का ते भिंग काढून एकदा बघा.

जुन्या कॅमेऱ्याचं शटर मंद झालेलं असतं. निगेटिव्ह ते पचवते, स्लाइड चुगली करते. पाव-अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) चूक असेल तर स्लाइडच्या पहिल्याच पट्टीत कळेल. मग स्लाइडला नावं ठेवण्याआधी कॅमेरा एखाद्या मेकॅनिककडून तपासून घ्या.

काय टिपायचं, किती उजेड द्यायचा

चार प्रसंग निवडा. माझे सांगतो, तुम्ही तुमच्या गावचे घ्या.

पहिला ढगाळ उजेडातला, रंगांसाठी. कासला सप्टेंबरमध्ये एका चौकोनात सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, गेंदाचा पांढरा आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा एकत्र मिळतो. फुलांत पाय टाकायचा नाही, वाटेवरूनच काढा. कोपऱ्यात ग्रे कार्ड, म्हणजे मध्यम राखाडी रंगाचा पुठ्ठा, उभं करा.

दुसरा कडक उन्हाचा. मी वाईजवळच्या मेणवलीचा घाट घेतला. काळ्या कातळाच्या पायऱ्या, त्यांच्या खाचांतली सावली, वर पांढरं होत आलेलं आभाळ, आणि पायऱ्यांवर वाळत घातलेली धोतरं-लुगडी. फिल्मची पोहोच किती ते असल्याच जागी समजतं.

तिसरा माणसाचा चेहरा. आमच्या शेजारच्या मावशी अंगणात कडुनिंबाच्या सावलीत बसल्या, डोक्यावर पदर. आधी "माझा कसला फोटो" म्हणाल्या, मग दहा फ्रेम होईपर्यंत हलल्या नाहीत.

चौथा रात्रीचा. अजिंक्यताऱ्यावरून खाली साताऱ्याचे दिवे. एफएम-टूवर एक सेकंदापलीकडे बी (दाबून धराल तोवर शटर उघडं) वापरावं लागतं, केबल रिलीज आणि मनगटावरचं घड्याळ.

आता उजेड. इथेच बहुतेक तुलना फसतात, कारण दोन्ही फिल्मला एकच एक्स्पोजर देऊन लोक म्हणतात, बघा, समान वागणूक दिली. ती समानता काही कामाची नाही. दोघींचे स्वभाव वेगळे आहेत.

स्लाइडला मीटर उजळ जागेवर धरा. आपल्याकडे यासाठी देवानेच एक साधन दिलंय, गांधी टोपी. उन्हातल्या टोपीजवळ जा, चौकट टोपीने भरा आणि मीटर बघा. मीटरला सगळं राखाडी करायचं असतं, म्हणून तो दाखवेल त्यापेक्षा दीड स्टॉप जास्त उजेड द्या. टोपी पांढरी राहील आणि तिची घडीही दिसेल. दोन स्टॉपच्या पलीकडे गेलात की घडी गेली. टोपीवाला नसेल तर धुतलेलं धोतर चालतं. सावल्यांचं काय होईल ते होवो. स्लाइडमध्ये सावली काळी झालेली डोळा माफ करतो, उजेडात पडलेलं भोक माफ करत नाही.

निगेटिव्हला मीटर सावलीवर धरा. ज्या सावलीत तुम्हाला काही दिसायला हवंय, पायऱ्यांची खाच म्हणा, तिथे मीटर करा आणि तो सांगतो त्यापेक्षा एक स्टॉप कमी द्या. एवढी कटकट नको असेल तर फिल्मचा स्पीड निम्मा लावा, १०० ची ५० वर, आणि नेहमीसारखं मीटर करा.

मग ब्रॅकेटिंग, म्हणजे तेच दृश्य कमी-जास्त उजेड देऊन पुन्हा पुन्हा टिपणं. स्लाइडला अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने पाच फ्रेम, उणे एक ते अधिक एक. निगेटिव्हला एकेका स्टॉपने सहा फ्रेम, उणे दोन ते अधिक तीन. चार प्रसंगांच्या स्लाइडच्या वीस आणि निगेटिव्हच्या चोवीस फ्रेम होतात, छत्तीसच्या रोलमध्ये बसून उरतात. एफएम-टूचं शटर दोन आकड्यांच्या मध्ये चालत नाही, म्हणून अर्धा स्टॉप अ‍ॅपर्चरच्या कड्याने द्या, पूर्ण स्टॉप शटरने. प्रत्येक मालिकेच्या आधी पाटीवर खडूने प्रसंग आणि आकडा लिहून एक फ्रेम मारा. वहीत लिहिलेलं पावसात पुसतं, पाटी फिल्मवर राहते.

रात्रीच्या फ्रेमला वेगळा नियम. लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म आळसावते, तेवढ्याच उजेडाला कमी प्रतिसाद देते. प्रोव्हिया १००एफ याला अपवाद म्हणावी इतकी चांगली आहे. तिला १२८ सेकंदांपर्यंत काही जास्तीचं द्यावं लागत नाही. वेल्व्हिया ५० ला ४ सेकंदांपासूनच वाढवावं लागतं, ३२ सेकंदांना पूर्ण एक स्टॉप आणि वर मॅजेन्टाचा फिल्टर. एक्टारला मी एक सेकंदाच्या पुढे सढळ हात ठेवतो, ३० सेकंदांच्या जागी एक मिनिट आणि एक दोन मिनिटांची फ्रेमही घेतो.

धुणं

दोन्ही रोल एकाच आठवड्यात, ताज्या रसायनात धुवा. निगेटिव्ह धुण्याची पद्धत सी-४१: डेव्हलपर ३७.८ अंशांवर ३ मिनिटं १५ सेकंद. स्लाइडची ई-६: पहिला डेव्हलपर ३८ अंशांवर साधारण ६ मिनिटं, मग पुढचं. घरी करणार असाल तर सगळा जीव पहिल्या डेव्हलपरवर ठेवा, स्लाइड उजळ की गडद ते तिथेच ठरतं. तापमान अर्धा अंशही हलू देऊ नका. मी मोठ्या बादलीत गरम पाणी ठेवतो, बाटल्या गळ्यापर्यंत बुडवतो आणि थर्मामीटर बाटलीच्या आत धरतो, बादलीत नाही. लॅबला देणार असाल तर एकच विचारा: स्लाइडची रसायनं रोज चालतात का? महिन्यातून चार रोल धुणाऱ्या टाकीवर परीक्षा घेऊ नका, मग लॅब कितीही ओळखीची असो.

बघायचं कसं

रोल हातात आल्यावर लगेच स्कॅन करायला धावू नका. आधी लाइट टेबल. नसेल तर ५००० केल्विनच्या आसपासचा, रंग चांगले दाखवणारा एलईडी पॅनल आणि त्यावर दुधी अ‍ॅक्रिलिक. हातात लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं छोटं भिंग, घ्या, ८ पटीचा पुरे.

स्लाइड इथेच पूर्ण बघून होते, कारण ती स्वतःच चित्र आहे. म्हणूनच कॅलेंडर, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, साखर कारखान्याचा अहवाल असल्या कामांना छापखानेवाले ट्रान्स्परन्सी, म्हणजे स्लाइडच, मागायचे. रंग मुळात कसा होता हे सांगायला कुणी मधे लागत नाही, ती टेबलावर ठेवली की वाद मिटला.

निगेटिव्हचं तसं नाही. नारिंगी फिल्मवर उलटे रंग, त्यावरून काय कळणार? एक गोष्ट कळते: सावल्या. निगेटिव्हमधली सर्वांत पारदर्शक जागा म्हणजे मूळ दृश्यातली सावली. तिथे लूप लावून बघा. नुसती नारिंगी फिल्म दिसली तर तिथे काही नोंदलंच गेलं नाही, कुठलाही स्कॅनर ते आणू शकणार नाही. हलकी रेघ-खूण दिसली तर पुरे.

त्या नारिंगी रंगाबद्दल थोडं. लोकांना ती कटकट वाटते, पण तो मुखवटा मुद्दाम घातलेला असतो. फिल्ममधले सायन आणि मॅजेन्टा रंग शुद्ध नसतात, जो उजेड सोडायचा तोही थोडा गिळतात. ती चूक जिथल्या तिथे भरून काढायला हा मुखवटा असतो आणि छापताना त्याचा हिशेब सरळ होतो. स्लाइडला असा मुखवटा घालता येत नाही, कारण ती आपण उघड्या डोळ्यांनी बघतो, सगळंच नारिंगी दिसेल. रंगांच्या खरेपणाच्या शर्यतीत निगेटिव्ह मागे असते हा समज म्हणूनच मला कधी पटला नाही. ती मागे पडते ती छापणाऱ्यामुळे.

आणि छापणारा म्हणजे पंधरा वर्षं मी होतो. मशीनसमोर बसलं की पिवळा, मॅजेन्टा, सायन आणि डेन्सिटी यांची बटणं बोटाखाली असतात. प्रत्येक फ्रेम तीन सेकंद दिसते, बोटं आपोआप चालतात. नवरी उजळ दिसावी म्हणून डेन्सिटी एकने कमी किती वेळा केली याला गणती नाही. त्या प्रिंट बघून लोक म्हणायचे, या कंपनीच्या रोलचा रंग छान येतो. तो माझ्या बोटाचा रंग होता. आजचं स्कॅनिंग मशीनही हेच करतं, फक्त माणसाऐवजी आतला प्रोग्राम करतो. तुमच्या ब्रॅकेटच्या सहाही फ्रेम तो एकसारख्या उजळ करून देतो आणि परीक्षा बुडते.

म्हणून लॅबला स्पष्ट सांगा: ऑटो करेक्शन बंद, सगळ्या फ्रेम एकाच सेटिंगवर. ते ऐकत नसतील तर घरी डिजिटल कॅमेऱ्याने स्कॅन करा. मॅक्रो भिंग एफ/८ वर, रॉ फाइल, खोली अंधारी, फिल्मभोवतीचा उघडा उजेड काळ्या कार्डशीटने झाकलेला. कॅमेरा आणि फिल्म समांतर आहेत का ते बघायला फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा. भिंगाचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यात आलं की समांतर. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने पूर्ण फ्रेम टिपली तर इंचाला ४२०० च्या वर ठिपके मिळतात, ३५ मिमीच्या फिल्मला भरपूर झाले. स्लाइडसाठी एक्स्पोजर असं ठेवा की कोरी फिल्म जळण्याच्या जरा अलीकडे राहील, आणि मग ते पूर्ण रोलभर हलवू नका. निगेटिव्हलाही तसंच, तिच्या कोऱ्या नारिंगी पट्टीवर.

इथे दोघी स्कॅनरला दोन वेगळ्या जागी त्रास देतात हे लक्षात ठेवा. स्लाइडच्या सावल्या अतिशय दाट असतात. टेबलावर लूपने पायरीची खाच दिसते आणि स्वस्त फ्लॅटबेड स्कॅनरवर तिथे फक्त खरखर येते. तो दोष स्लाइडचा नाही. निगेटिव्ह उलट फिकी, स्कॅनरला सोपी, पण तिचा कॉन्ट्रास्ट मुळात कमी असतो. चित्र करताना तो ताणावा लागतो आणि त्याबरोबर ग्रेनही ताणला जातो. वरून सॉफ्टवेअरने शार्पनिंग केलं तर ढगांचे खडे होतात. दोन्ही फाइलींचं शार्पनिंग शून्यावर ठेवूनच बघा.

मग प्रिंट. पडद्यावर शंभर टक्के मोठं करून पिक्सेल मोजण्यात अर्थ नाही. प्रत्येक फिल्मची सर्वांत चांगली फ्रेम निवडा, ८ बाय १२ इंची प्रिंट काढा. ३५ मिमीची फ्रेम तिथे साधारण साडेआठ पट मोठी होते. हातभर अंतरावरून बघा. मग त्याच फ्रेमचा १६ बाय २४ च्या मापाने एक तुकडा छापून घ्या, पूर्ण छापायची गरज नाही. कुठला कशावरचा ते न सांगता घरच्या माणसाला विचारा, कुठला आवडतो.

मला काय दिसलं

घाटावर निगेटिव्हने बाजी मारली, आणि थोडीथोडकी नाही. अधिक दोनच्या फ्रेममध्ये खाचांतलं शेवाळ आणि आभाळातला ढग दोन्ही. स्लाइडच्या उणे अर्ध्याच्या फ्रेममध्ये धोतराच्या घड्या सुंदर, पायऱ्या मात्र काळ्या पट्ट्या. ज्याला ते काळं आवडतं त्याने स्लाइड घ्यावी. मला त्या घाटाचे दगड हवे होते.

कासला प्रोव्हिया. ८ बाय १२ वर फारसा फरक नाही, १६ बाय २४ च्या तुकड्यात गेंदाच्या बारीक गोळ्यांना स्लाइडमध्ये कडा होत्या, एक्टारमध्ये त्या थोड्या कापसासारख्या. सीतेच्या आसवांनी मात्र दोघींनाही फसवलं, दोन्हीकडे निळ्याऐवजी गुलाबीकडे झुकलेला जांभळा. हे जुनं दुखणं आहे, निळ्या मॉर्निंग ग्लोरीचंही होतं. काही निळी फुलं लाल रंगाच्या अगदी टोकाचा, आपल्या डोळ्याला जवळजवळ न जाणवणारा उजेडही परावर्तित करतात आणि फिल्मचा लाल थर तो पकडतो. फिल्म बदलून हे पुरतं जात नाही. फुलांच्या नोंदी ठेवणाऱ्यांनी फोटोवरून निळा ठरवू नये.

मावशींचा चेहरा एक्टारने तांबूस केला, जणू उन्हातून आल्यात. प्रोव्हियाने सावलीचा निळसरपणा गालांवर आणला. तिथे निळसरपणा मारणारा ८१ए चा फिल्टर लावायला हवा होता, माझी चूक. पोर्ट्राच्या रोलमधली फ्रेम त्यांच्या मुलीने फ्रेम करून भिंतीवर लावली. रात्रीचे दिवे प्रोव्हियाकडे स्वच्छ, आभाळ काळंभोर. एक्टारमध्ये आभाळ स्कॅनला निळसर-हिरवं आलं आणि ते काढता काढता दिव्यांचा पिवळा गेला.

घरात ट्यूबलाइटखाली मी परीक्षा घेतलीच नाही. स्लाइडवर सगळं घर हिरवं येतं हे ठाऊक असताना महागाची फ्रेम कशाला घालवा.

परीक्षा झाली की रोल ड्रॉवरमध्ये फेकू नका. पाटीच्या फ्रेमसकट पट्ट्या कापा, स्लीव्हमध्ये घाला, तारीख, रसायन आणि भिंग बाहेर लिहा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा, नाहीतर आपल्याकडचा एक पावसाळा बुरशी आणायला पुरतो. उद्या नवा स्कॅनर घेतलात किंवा लॅब बदललीत तर आधी ह्याच पट्ट्या स्कॅन करा. घाटावरच्या स्लाइडमधली ती खाच दिसते का आणि निगेटिव्हच्या अधिक दोनमधला ढग टिकतो का, एवढं बघा. मी त्या दोन पोरांना माझ्याच पट्ट्या दिल्या. म्हटलं, तुमच्या दोन्ही स्कॅनरवर हे आधी करून आणा, मग कासचे फोटो दाखवा.